झऱ्यावरचा डुंबर

"तिकडे असं नसते," ते म्हणायचे आणि चष्मा कपाळावर सरकवून डब्याचं झाकण उघडायचे.

समोर काहीही चाललेलं असो. कुणाची बढती हुकलेली, कुणाच्या स्कूटरचा नंबर लागलेला, कुणाच्या सासऱ्याने लग्नात घातलेला गोंधळ. सगळ्यांचं बोलून झालं की ते हे तीन शब्द मराठीतच म्हणायचे. जेवायला बसलेल्या सहा-सात जयपुरी माणसांना ते कळायचे नाहीत, आणि त्यांनी विचारायचंही सोडून दिलं होतं.

मी विचारलं. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. विमा कंपनीच्या जयपूरमधल्या, सी-स्कीम भागातल्या ऑफिसात मी नुकताच बदलून आलो होतो, आणि पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर मराठी ऐकून मला इतकं बरं वाटलं होतं की मी माझी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी नेली.

"तिकडे म्हणजे कुठे? अकोल्याला?"

ते अकोल्याकडचे, एवढं मला कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. माणूस विश्वास ठेवण्यासारखा आहे का, हे बघावं तसं.

"अकोल्याले तर इथल्यासारखंच असते," ते म्हणाले. "तिकडे म्हणजे तिकडे. सांगेन कधी."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. तो हक्क मी गमावला आहे, कसा ते पुढे कळेल. ऑफिसात सगळे त्यांना बाबूजी म्हणत. मी भाऊ म्हणायचो, कारण वऱ्हाडातल्या वडीलधाऱ्या माणसाला तसं म्हणतात असं मी ऐकून होतो. तेव्हा ते पन्नाशीला आले होते. तब्येतीने किरकोळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक पेन्सिल. रेकॉर्ड विभागात बसायचे. छतापर्यंत गेलेल्या लोखंडी रॅकांच्या मधोमध त्यांचं टेबल होतं. जुनी कोणतीही फाईल मागितली तर उठून, न शोधता, हात वर करून काढून द्यायचे. अशी माणसं तुम्हीही तुमच्या ऑफिसात पाहिली असतील. त्यांची आठवण आपल्याला फाईल हवी असते तेव्हा येते.

तिकडची गोष्ट त्यांनी मला दोन महिन्यांनी सांगितली. कूलरमधल्या वाळ्याला पाणी मारायला शिपाई आला होता, आणि ते त्याच्याकडे पाहत म्हणाले, "ओलाटीला हा वास लांबून येते बरं."

ओलाटी हे तिकडचं जनावर. गाईएवढं, पाठीवर शेवाळ वाढलेलं. दुष्काळ पडला की गावं तिला पुढे घालून चालतात. ती जिथे बसेल तिथे खणलं की पाणी लागतं. पण ती दमल्याशिवाय बसत नाही. म्हणून लोक तिला चालवत राहतात, उन्हातून, दगडांतून, आणि पुष्कळदा ती बसते तेव्हा परत उठत नाही. मग तिथे विहीर होते आणि विहिरीला तिचं नाव देतात.

"म्हणजे तिकडच्या सगळ्या विहिरींना नावं असतात?" मी विचारलं.

"सगळ्या नाही. काही विहिरी नुसत्याच खणलेल्या. त्यांचं पाणी पितात, पण पाहुण्याला देत नाहीत."

हे ते गंमत म्हणून सांगत नव्हते. तालुक्याच्या गावाची माहिती द्यावी तसं सांगत होते. पुढच्या दोन वर्षांत मला तिकडचे लोक एकेक करून कळत गेले. हळवट नावाची जमात होती. त्यांच्यात घरातलं कुणी गेलं, की वर्षभर दुसऱ्या एकाला गेलेल्या माणसाची बाजू घ्यावी लागते. घरात वाद झाला तर तो म्हणतो, तिला हे चाललं नसतं. ताटात भाजी पडली तर म्हणतो, मीठ कमी आहे. गेलेल्याचं म्हणणं एकदम बंद पडलं तर घराचा तोल जातो, असं हळवट मानतात. चिमखडा नावाचा बोटाएवढा प्राणी होता, तो दगडावर कोरलेली अक्षरं खायचा. त्यामुळे तिकडे शिलालेख टिकत नाहीत आणि मोठ्या लोकांची फार पंचाईत होते.

"आणि राजा कोण तिकडचा?"

"असते ना. दर गावाले असते. पण तो काय करते हे कुणाले सांगता येत नाही."

हे सगळं सुरू कसं झालं, तेही त्यांनी सांगितलं. बायको लवकर गेली. मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिलक नगरला दोन खोल्यांत दोघंच. शेजारी हिंदी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी. पोरगी मराठी विसरायला लागली तेव्हा त्यांनी रोज संध्याकाळी तिला तिकडच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली, मराठीत. तिने पहिल्यांदा डोळे मोठे करून ऐकल्या. मग मधूनमधून म्हणायला लागली, बाबा, हिंदी में बताओ ना.

"मग?"

"मी म्हटलं, तिकडच्या लोकांना हिंदी येत नाही."

"मग ती काय म्हणाली?"

"ती म्हणाली, तो फिर रहने दो." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "अकरा-बारा वर्षांची झाली आणि ऐकणं बंद झालं. पण लोक तर येऊन बसले होते ना आता. त्यांना मी कुठे धाडू?"

म्हणून ते लिहीत राहिले. जाड पुठ्ठ्याच्या सात वह्या होत्या. त्यातली चालू वही टेबलाच्या खणात असायची, जेवणाच्या सुट्टीत ते तीत दहा-पंधरा ओळी लिहायचे. मला वाचायला दिली तेव्हा मी पहिली गोष्ट पाहिली ती तारीख. प्रत्येक पानावर वर कोपऱ्यात शके, महिना, तिथी. त्यांचे वडील पत्रं तशी लिहायचे, म्हणून हेही. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इंग्रजी साल निघतं, हे मला त्यांनीच शिकवलं. शाळेत कधीतरी पाठ केलेलं मी विसरून गेलो होतो.

एकदा त्यांनी मला घरची जुनी वही आणून दिली. तीत डुंबर होता.

डुंबर झऱ्याच्या तोंडावर बसतो. फार मोठा, कातडीला घड्या, मान नाही. तो झऱ्याचं पाणी पीत नाही आणि कुणाला पिऊ देत नाही असंही नाही. त्याच्या मनात काहीच नसतं. त्याला बुडाखाली गार लागतं, एवढ्यासाठी तो बसलेला असतो. लोक घडे घेऊन येतात, उभे राहतात, त्याच्या अंगावरून जे थोडं पाझरतं ते गोळा करतात आणि जाताना त्याला नमस्कार करतात. त्यांना वाटतं पाणी तोच देतो. कुणी ढकलायला गेलं तर बाकीचे त्याला आवरतात. चार पानं होती. वाचताना मी एकटाच मोठ्याने हसलो.

आणि इथून पुढे जे झालं ते मी केलं.

आमचे विभागीय व्यवस्थापक स्थूल होते. मान जवळजवळ नव्हती. दोनेक वर्षांपूर्वी भोपाळहून आले होते. त्यांच्या टेबलावर कागद गेला की बसायचा. वाईट माणूस नव्हता, सही करायला घाबरायचा. ऑफिसासमोर चहाची थडी होती, आपण टपरी म्हणतो तशी. तिथे एका दुपारी आम्ही पाच-सहा जण उभे होतो. दावे विभागातला शर्मा व्यवस्थापकांच्या नावाने कुरकुरत होता. मी म्हणालो, "अरे, तुम्हें डुंबर मालूम है?" आणि बाबूजींच्या वहीतली सगळी गोष्ट हिंदीत सांगितली. नुसती सांगितली नाही, करून दाखवली. थडीच्या बाकावर बसलो, मान खांद्यात घातली, गाल फुगवले, आणि शेवटी खाली बोट दाखवून म्हणालो, "बस, ठंडा लगता है."

माझी नक्कल चांगली होते. लोकांच्या हातातला चहा सांडला.

पंधरा दिवसांत ऑफिसात व्यवस्थापकांना दुसरं नाव राहिलं नाही. डुंबर आले, डुंबर गेले, डुंबरांकडे कागद आहे. शिपाईसुद्धा म्हणायला लागले. भाऊंच्या कानावर आलं तेव्हा ते माझ्याजवळ आले.

"तुम्ही सांगितलं का यांना?"

"सहज निघालं बोलताना. लोकांना आवडलं फार."

"पण तो साहेब नाही ना," ते म्हणाले. "साहेब बिचारे इथले आहेत. डुंबराला लाज नसते, अन् यांना आहे. पाहा ना, कुणी हसलं की दार लावून घेतात." ते रागावले नव्हते. एखाद्याने चुकीच्या घराचा पत्ता दिला की आपण जसे कासावीस होतो, तसे झाले होते. "सांगून द्या सगळ्यांना, तो हा नाही म्हणून."

मी सांगितलं नाही. असं कसं सांगतात?

एका निरोपसमारंभात कुणीतरी मागच्या रांगेतून तो शब्द उच्चारला आणि व्यवस्थापकांनी ऐकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रशासन अधिकाऱ्याला कामाला लावलं. शब्द कुठून आला? एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि शेवटी सगळी बोटं रेकॉर्ड विभागाकडे वळली. शर्मा म्हणाला, बाबूजींच्या कॉपीत आहे. ते खरंच होतं. डुंबराचं मूळ त्यांच्याच वहीत होतं. थडीवर बाकावर बसून दाखवणाऱ्याचं नाव कुणी घेतलं नाही. मी तिथे सगळ्यांना आवडायचो.

चौकशी लागली. वरिष्ठांची बदनामी, कार्यालयीन वेळेत खासगी लेखन, कार्यालयाच्या कागदाचा वापर. कागद हा आरोप खोटा होता, वह्या त्यांनी स्वतः विकत आणलेल्या असायच्या. दिल्लीहून चौकशी अधिकारी येणार होता. पुरावा म्हणून त्यांच्याकडे एक वही मागितली, डुंबराची.

ते सातही वह्या घेऊन आले. सायकलच्या मागे बांधून, तिलक नगरपासून. मी गेटपाशी होतो.

"भाऊ, एकच मागितली आहे."

"एक वाचून काय समजणार त्यांना?" ते दोरी सोडत म्हणाले. "सगळं वाचलं तर कळेल ना, हे कुणाबद्दल नाही म्हणून. पहिल्या वहीपासून वाचा म्हणावं."

प्रशासन अधिकाऱ्याने सात वह्या मोजून घेतल्या, पोच दिली, आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आता प्रश्न आला वाचायचं कुणी. अक्षरं देवनागरी, पण मजकूर मराठी. व्यवस्थापकांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर दोन फायली होत्या. एक चौकशीची. दुसरी माझी. पुण्याला बदली मिळावी म्हणून मी केलेला अर्ज. आई आजारी होती, तिची वर्षभर आबाळ चालली होती, आणि अर्ज आठ महिने त्या टेबलावर होता. ते माझ्या अर्जाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "आप मराठी जानते हैं. फक्त संबंधित पानांचं इंग्रजी भाषांतर करून द्या. जसं आहे तसं."

मी घरी बसून चार पानं केली. टाईप केली, एक कार्बन प्रत स्वतःजवळ ठेवली. प्रामाणिक भाषांतर होतं. एक वाक्य गाळलं नाही, एक वाढवलं नाही. कोपऱ्यातली तारीख तेवढी मी घेतली नाही. मजकूर मागितला होता, तारीख मागितली नव्हती. असं मी स्वतःला समजावलं, आणि त्या वेळी ते मला पटलंही.

तारीख होती शके अठराशे सत्त्याण्णवची. म्हणजे एकोणीसशे पंच्याहत्तर. व्यवस्थापक जयपूरला येण्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा ते कुठे होते, कसे दिसत होते, हे भाऊंना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. ती एक ओळ भाषांतरात असती तर चौकशी तिथेच संपली असती.

चौकशीच्या दिवशी खोलीत चौकशी अधिकारी, प्रशासन अधिकारी, भाऊ आणि मी. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशात पेनं नव्हती, कदाचित पुरावा वाटेल म्हणून काढली असावीत. अधिकाऱ्याने माझं भाषांतर वाचलं. वाचताना त्याच्या ओठाचा कोपरा हलला आणि त्याने तो आवरला. मग म्हणाला, "ये आपने लिखा है?"

"हो. पण फार आधी लिहिलं आहे," भाऊ हिंदीत म्हणाले. "साहेब यायच्या आधी. वहीत तारीख आहे."

अधिकाऱ्याने मूळ वही ओढली. कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"अठारह सौ सत्तानवे?" त्याने वर पाहिलं. "तब तो आपके पिताजी भी पैदा नहीं हुए होंगे."

प्रशासन अधिकारी हसला.

भाऊ माझ्याकडे वळले. अगदी निर्धास्त चेहऱ्याने. "यांना माहीत आहे," ते म्हणाले. "हे सांगतील."

दोघं माझ्याकडे पाहायला लागले. मी तो प्रश्न येईल असं धरलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे दुसरी फाईल आली, तिच्यावरचा पेपरवेट आला, आईचं शेवटचं पत्र आलं. हे मी आज सांगतो आहे. त्या क्षणी मी काही विचार केला असं मला खरंच आठवत नाही. तोंडातून शब्द निघाले ते असे, "सर, ते जे काल्पनिक जग आहे, तिथलं कॅलेंडर असावं."

"आय सी," अधिकारी म्हणाला आणि काहीतरी लिहून घेतलं.

शक संवत आहे, सरकारी पंचांगात बघा, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते भाऊंना येत होतं. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग टेबलावरच्या वहीकडे, मग चष्मा काढून तो शर्टाच्या टोकाला पुसत बसले. अधिकाऱ्याने आणखी तीन-चार प्रश्न विचारले. प्रत्येकाला त्यांनी "जी" म्हटलं. हे कुणाबद्दल लिहिलं आहे, या प्रश्नालासुद्धा.

शिक्षा झाली ती बदलीची. पार वाळवंटाच्या टोकाला, सरहद्दीजवळच्या एका शाखेत. मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिला एकटीला जयपूरला ठेवायचं कसं, आणि तिकडे नेलं तर कॉलेज कुठलं? त्यांनी राजीनामा दिला. निरोपसमारंभ झाला नाही, कारण कुणाला ठरवायचं धाडस झालं नाही. रेकॉर्ड विभागात नवा माणूस आला आणि फायली सापडेनाशा झाल्या.

माझी पुण्याची बदली दोन महिन्यांत आली.

जायच्या आधी मी त्यांना भेटायला गेलो. सीकर रोडवर विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात एका पाईपच्या कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली होती. गेटजवळ पत्र्याची केबिन, तीत ते बसायचे. आत येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर लिहायचे. भर दुपार होती. पत्रा तापून आत भट्टी झाली होती. त्यांनी मला स्टूल दिलं, माठातलं पाणी दिलं. आई कशी आहे, विचारलं.

मग आपणहोऊन म्हणाले, "तुमचं भाषांतर मी वाचलं. प्रत दिली होती मले."

मी ग्लास धरून बसलो.

"चांगलं केलं. इंग्रजी स्वच्छ आहे तुमचं. एक शब्द चुकला तेवढा. झऱ्याला तुम्ही फाउंटन लिहिलं. फाउंटन लोक बांधतात. झरा आपला आपण असते."

"हो. स्प्रिंग पाहिजे होतं."

"स्प्रिंग. हाव."

"भाऊ, त्या तारखेचं मी..."

बाहेर ट्रकने हॉर्न दिला. ते उठले, पाटी-पेन्सिल घेऊन गेटशी गेले, नंबर उतरवला, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलले. परत येऊन बसले ते घाम पुसत.

"पुण्यात घर मिळालं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, मिळेल. मला ते वाक्य पुरं करायचं होतं, आणि ते करू देणार नव्हते. दोनदा मी तोंड उघडलं, दोनदा त्यांनी दुसरं काही विचारलं. पेठेत बघताय की बाहेर, सामान रेल्वेने की ट्रकने. शेवटी काही सुचेना म्हणून मी विचारलं, "तिकडे काय चाललंय सध्या?"

"मला कसं माहीत असणार?" ते म्हणाले. "वह्या त्यांच्याजवळ आहेत."

आवाजात काही नव्हतं. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि मगाचा नंबर पाटीवरून त्यात उतरवायला लागले. मी थोडा वेळ बसलो आणि निघालो. गेटपर्यंत ते सोडायला आले नाहीत. ट्रक येत होता.

त्यानंतर पाच वर्षांनी मला तपासणीच्या कामाने आठवडाभर जयपूरला जायचं होतं. निघताना मी कपाटातून ती कार्बन प्रत काढली. कागद पिवळे पडले होते. पेनने फाउंटन खोडून वर स्प्रिंग लिहिलं, चार ठिकाणी. त्यांना नेऊन द्यायची असं ठरवलं होतं. तारीख घालावी असंही मनात आलं. मग वाटलं, आता तिचा काय उपयोग, आणि राहून गेलं.

ऑफिसात पोचल्यावर पहिल्यांदा वह्यांची चौकशी केली. ते व्यवस्थापक केव्हाच बदलून गेले होते. कपाट होतं. नव्या रेकॉर्डवाल्याने रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, "मराठी की कॉपियाँ? साब, वो तो पुराने केस के साथ निकल गईं." दोन वर्षांपूर्वी सफाई झाली, बंद झालेल्या सगळ्या फायली रद्दीत गेल्या, असं त्याने सांगितलं. मी विचारलं, कुणी उघडून पाहिल्या होत्या का. तो म्हणाला, पाहून काय करणार, वाचता कुणाला येत होतं?

संध्याकाळी तिलक नगरला गेलो. त्याच दोन खोल्या. दार मुलीने उघडलं. आता शाळेत शिकवत होती, इंग्रजी. मी तिला एकदा-दोनदाच पाहिलं होतं, पण मी मराठीत बोलल्यावर तिने आत बोलावलं.

"बाबा सर्दीत गेले," ती म्हणाली, आणि मला कळलं नाही असं वाटून, "मतलब, थंडीत. मागच्या जानेवारीत. ड्यूटीवरून आले, झोपले."

भिंतीवर त्यांचा फोटो होता, तरुणपणीचा, मी न पाहिलेला. ती चहा ठेवायला गेली. मी बसून राहिलो. चहा घेऊन आल्यावर ती समोर बसली आणि जरा अडखळत म्हणाली, "काका, तुम्ही त्यांच्या ऑफिसात होते ना. ती कॉपीज असायची त्यांची, माहीत आहे तुम्हाला? मी लहान होते तेव्हा सांगायचे त्यातलं. मी ऐकत नव्हते. आता सगळं भूल गई. मला काहीच आठवत नाही. एक पण गोष्ट पूर्ण आठवत नाही."

मी पिशवीतून ते चार कागद काढून तिला दिले. वह्या गेल्या, एवढी चार पानं राहिली आहेत, असं काहीतरी म्हणालो.

इंग्रजी होतं म्हणून ती भराभर वाचत गेली. दुसऱ्या पानावर थांबली. मग हसायला लागली, तोंडावर हात ठेवून, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ही तर ती भैंस आहे," ती म्हणाली. "मागच्या गल्लीत हँडपंप होता ना, त्याच्या खाली बसायची रोज. मोठी, काळी. उठायचीच नाही. सगळे बाल्टी घेऊन उभे. मी बाबांना विचारलं, ही का बसते? ते म्हणाले, तिला खालून गार लागतं." तिने परत वाचलं. "मी दहा वर्षांची होते. हे माझं आहे काका. हे मी विचारलं होतं."

मी कप खाली ठेवला.

तिने कागद नीट जुळवले, कडा सारख्या केल्या. शेवटच्या पानाच्या खाली पाहिलं, मग पहिल्या पानावर. नाव कुठे नव्हतं.

"इतकं छान ट्रान्सलेट कोणी केलं?"

"ऑफिसातल्या एकाने," मी म्हणालो.

"ते असतात अजून तिथे?"

"नाही. बदलून गेले."

"कधी भेटले तर त्यांना माझा थँक यू सांगा," ती म्हणाली.

मी म्हणालो, सांगतो.